ताशी १२ किलोमीटरची स्पोर्टी गाडी: ठेवू की विकू?

कोथरूडी_कासव | सोमवार, रात्री १०.५०

राम राम मंडळी.

दीड वर्षापूर्वी एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. २०१८ ची, सेकंडहँड. आधीचे मालक डॉक्टर, त्यामुळे सर्व्हिसिंगची फाइल गाडीपेक्षा चकचकीत. ७ गिअरचा ऑटोमॅटिक, कोरडे ड्युअल क्लच. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. मागे एका धाग्यावर लिहिलं होतं, तर १२० प्रतिसाद ब्रँडच्या भांडणात गेले आणि माझा प्रश्न पहिल्याच पानावर वारला.

रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी, १८ किलोमीटर. गेल्या बुधवारी परतताना दीड तास लागला. घरी आल्यावर स्क्रीनवर सरासरी वेग आला: १२. शाळेत असताना मी सायकलवर याहून जोरात जायचो.

त्याच दिवशी भुमकर चौकात गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना आली. पिवळा दिवा, टिंग आवाज, आणि "गाडी थांबवा". थांबवा म्हणजे काय, ती थांबलेलीच होती! पंधरा मिनिटांनी दिवा गेला. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गचके बसतात ते महिनाभर चालूच आहेत. सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव नको) दोनदा नेली. एकदा "नॉर्मल आहे साहेब", दुसऱ्यांदा "क्लच सेट बदलावा लागेल". आकडा ऐकून पाणी मागवलं.

दुसरं दुखणं सोसायटीचं. रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत आता बेसमेंटचा रॅम्प जिथे संपतो तिथे चांगला उंबरठा तयार झालाय. बंपरखालचा काळा ओठ रोज सकाळी तिथे खर्रर्र करतो. वॉचमनकाका खुर्चीतून उठतही नाहीत, आवाज आला की फक्त हात तिरका करून दाखवतात.

त्यात परवा बावधनच्या खड्ड्यात डावा पुढचा टायर आपटला. बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. टायर बदलायचेच आहेत तर १६ ऐवजी १७ इंची अलॉय टाकावेत का? आणि एकाने 'स्टेज १' रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) सुचवलाय, ११० चे १४० हॉर्सपॉवर होतील म्हणे.

घरून आदेश आहे: "विकून टाक." रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात जाऊन आलो की मात्र विकायचा विचार आठवडाभर मनात येत नाही. काय करू?

शेअर_ऑटो | सोमवार, रात्री ११.०५

एवढ्या पैशात थोडी जुनी एसयूव्ही आली असती. खड्डा, रॅम्प, फुगा, तिन्ही प्रश्न एका झटक्यात मिटले असते. असो.

विंचू_नाशिक | सोमवार, रात्री ११.२०

आलं! पहिल्याच प्रतिसादात 'एसयूव्ही घ्या' आलं. पैज जिंकले मी.

कासवराव, सगळ्यात आधी तो फुगा. बाकी चर्चा महिनाभर चालू दे, पण त्या टायरवर उद्या ऑफिसला जाऊ नका. फुगा आला म्हणजे बाजूच्या भिंतीतले दोरे आतून तुटलेत आणि हवा आता नुसत्या रबराने धरलीय. त्याला पंक्चरसारखा इलाज नसतो. स्टेपनी लावा. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुतेक ८० असते.

माझी २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो आहे. १.४ टी-जेट, १४५ हॉर्सपॉवर, रांजणगावच्या कारखान्याची लेक. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर, त्यामुळे उंबरठे मला सांगू नका. फियाटची नवी गाडी आता इथे मिळत नाही, म्हणून आमच्या घरी लोणच्याच्या बरण्यांच्या मागे क्लच प्लेट, टायमिंग बेल्टचा सेट आणि एक साइड मिरर ठेवलेला असतो. सासूबाईंनी एकदा बेल्टचा डबा मसाल्याचा म्हणून उघडला होता.

१७ इंचाबद्दल उद्या सविस्तर लिहिते. तोवर पाकीट खिशात ठेवा.

नट_बोल्ट | मंगळवार, सकाळी ७.१५

चाकणला गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ड्युअल क्लच म्हणजे आतून मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच दोन: एकाकडे १-३-५-७, दुसऱ्याकडे २-४-६ आणि बहुधा रिव्हर्स. पाय आपला नाही, कॉम्प्युटरचा. तेलात बुडालेले क्लच असतील तर घासून झालेली उष्णता तेल घेऊन जातं. कोरड्या क्लचला हवेशिवाय कोणी वाली नाही, आणि ताशी १२ ला हवा तरी किती मिळणार?

आता हे नीट वाचा. ब्रेक पूर्ण दाबून उभे असता तेव्हा क्लच सुटलेला असतो, काही घासत नाही. ब्रेक अर्धवट सोडून गाडी वीतवीत सरकवता, तेव्हा क्लच अर्धवट पकडतो आणि सगळा वेळ घासत राहतो. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी रोखून धरली तर त्याहून वाईट. मॅन्युअल गाडीत असं केलं की जळका वास येतो आणि शेजारी बसलेले वडील बोलतात. ऑटोमॅटिकमध्ये वास उशिरा येतो आणि वडील मागच्या सीटवर झोपलेले असतात.

म्हणून माझा प्रश्न: रांगेत पुढची गाडी दोन फूट सरकली की तुम्हीही दोन फूट सरकता का?

कोथरूडी_कासव | मंगळवार, सकाळी ९.४०

सरकतो. नाही सरकलो तर रिक्षा घुसते.

(टायर बदलून स्टेपनी लावली.)

नट_बोल्ट | मंगळवार, सकाळी ९.५५

घुसू दे की! दीड तासात चाळीस रिक्षा घुसल्या असं धरू. एकेक साडेतीन मीटर धरली तर १४० मीटर रांग झाली. १८ किलोमीटरमध्ये १४० मीटर. तेवढ्यासाठी तुम्ही क्लच भाजताय.

दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात जा आणि पुन्हा पूर्ण थांबा. अगदी मुंगीच्या गतीने चाललं असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिलाच गिअर धरून ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर दर दहा मीटरला पहिला-दुसरा-पहिला करत बसतो, आणि त्यातच तुमचे निम्मे गचके आहेत.

सौ_कासव | मंगळवार, दुपारी १.१०

नमस्कार. मीच ती "घरून आदेश" देणारी. जेवणाच्या सुट्टीत खास खातं उघडून लिहितेय.

पहिली गोष्ट, वाक्य अर्धं छापलंय. मी म्हणाले होते, "विकून टाक, नाहीतर नीट चालवायला शीक."

दुसरी गोष्ट, मंगळवारी आणि गुरुवारी ह्याचं घरून काम असतं आणि गाडी माझ्याकडे. माझं ऑफिस त्याच भागात, रस्ता तोच, वेळ तीच. दीड वर्षात तो पिवळा दिवा मला एकदाही दिसलेला नाही. गचके बसतात, नाही असं नाही, पण थोडेच. मी मॅन्युअल मारुतीवर शिकले आणि चढावर मी क्लचवर गाडी धरली की बाबा टपली मारायचे. तीच सवय राहिली असावी. रिक्षा माझ्याही पुढे घुसतात. मी गाणी ऐकते.

तिसरी गोष्ट रॅम्पची. मी तिरकी घेते. एक चाक आधी चढतं, मग दुसरं, ओठ लागत नाही. काका हातानं तेच सांगतात, पण तो आवाज ऐकल्यावर सांगून काय उपयोग?

शेअर_ऑटो | मंगळवार, दुपारी १.१२

🍿

पालिओकाका | मंगळवार, दुपारी २.००

वहिनी, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

कोथरूडी_कासव | मंगळवार, दुपारी २.३०

मला वाटलं होतं इथे तरी माझी बाजू घेतली जाईल.

चलान_संग्राहक | मंगळवार, सायंकाळी ६.४५

रिमॅपबद्दल मी बोलतो, कारण माझ्या आधीच्या गाडीत केला होता. मजा येते, खोटं कशाला बोलू? वाशीच्या पुलावर पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा हसूच आवरेना. पण पुढच्या वर्षी इंजिनाचं एक काम निघालं आणि वॉरंटीत नेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर जोडून पाच मिनिटांत सांगितलं की सॉफ्टवेअर मूळचं नाही. रिमॅपवाल्याने "कोणाला कळणार नाही" अशी छातीठोक खात्री दिली होती. तो नंतर फोन उचलेना.

तुमची २०१८ ची, वॉरंटी संपलीच असेल. पण विमा आहे ना? कंपनीला न कळवता इंजिनात बदल केला तर मोठ्या क्लेमच्या वेळी त्यांना अडवायला आयतं कारण मिळतं. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस रस्त्यावर पकडतात. रिमॅप दिसत नाही म्हणून सुटतो, इतकंच.

मुख्य म्हणजे तुमचे कोरडे क्लच आधीच तापलेत. त्यावर आणखी टॉर्क ओतणं म्हणजे ताप आलेल्याला स्वेटर घालण्यासारखं आहे.

माझं टोपणनाव कुठून आलं तेही सांगतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मर्यादा १००, घाटात ६०. २०२४ पासून कॅमेरे आले. त्या उतारावर ६० म्हणजे गाडी आपोआप ७५ ला जाते आणि मी विचारात असतो. पहिल्या महिन्यात चार चलान! आता बोरघाट सुरू झाला की मॅन्युअल मोडला टाकून तिसरा गिअर धरतो. इंजिनच रोखून ठेवतं, ब्रेकही वाचतात आणि पैसेही.

नेकारकाठी | मंगळवार, रात्री ११.३०

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून लिहितोय. इथे रिमॅप करता येतो, पण करून गप्प बसता येत नाही. त्याचं तपासणीपत्र लागतं आणि बदल गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो. अलॉय, स्प्रिंग, सायलेन्सर, सगळ्यालाच हा नियम. दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते. त्यात माणूस खाली उतरून विजेरीने बघतो आणि कागदावर नसलेला नट सापडला तर गाडी नापास.

तुम्हाला वाटत असेल आम्ही इथे रोज २०० ने उडतो. वेगमर्यादा नसलेले पट्टे आहेत खरे, पण शिफारस १३० चीच, आणि संध्याकाळी पाच वाजता श्टुटगार्टमध्ये मीही सरासरी १२ नेच असतो. फक्त इथे रिक्षा घुसत नाही. कधीकधी तिची आठवण येते.

विंचू_नाशिक | बुधवार, सकाळी १०.२०

आता १७ इंचाचं गणित. तुमच्या गाडीचं माप १९५/५५ आर १६ असावं (माझंही तेच). म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि रबराची भिंत तिच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. १७ इंचासाठी लोक २०५/४५ घेतात, तिथे भिंत राहते ९२. पूर्ण चाकाचा व्यास जवळपास तोच राहतो, ६२१ च्या जागी ६१६, म्हणून स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही. पण रिम आणि खड्डा यांच्यात दीड सेंटिमीटर रबर कमी झालं. बावधनच्या त्या खड्ड्यात १०७ वर फुगा आला. ९२ वर रिमच वाकली असती.

दिसतात छान, मान्य. मीही दोन वर्षं लावले होते. तिसऱ्यांदा रिम सरळ करायला नेली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ताई, पास काढा महिन्याचा." त्या दिवशी १६ परत लावले.

पुढचे दोन्ही टायर एकदम बदला, एकच नको. आणि दुकानात बाजूचे चार आकडे स्वतः वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. "नवीनच आहे मॅडम" म्हणून मला एकदा तीन वर्षं गोदामात झोपलेला टायर दाखवला होता.

वऱ्हाडी_टर्बो | बुधवार, दुपारी १२.५०

टायरचा विषय निघालाच तं आमचंही ऐका राजेहो. मी नागपूरचा. समृद्धी ५ जून २०२५ ला पुरी ७०१ किलोमीटर सुरू झाली तेव्हापासून महिन्यातून एक फेरी असते. तुम्ही लोकं ट्रॅफिकमधे रडता, आमचं उलटं! मर्यादा १२०, रस्ता सरळ, गाडीले काही कामच नाही.

पण तिथंच खरी भानगड आहे. टायर दर फेरीले खाली चपटा होते अन् पुन्हा गोल होते. ताईनं सांगितलेल्या मापाचं चाक १२० ले सेकंदाला १७ वेळा फिरते. हवा कमी असन तं तेवढ्याच वेळा जास्त चपटं होते, भिंत तापते, वरून मे महिन्यातलं काँक्रीट. जुना टायर असन तं मंग देवाचं नाव घ्या. मी निघायच्या आधी घरीच थंड टायरमधे हवा पाहतो, दरवाजाच्या स्टिकरवर भरल्या गाडीसाठी जो आकडा असते तो. पंपापर्यंत दहा किलोमीटर गेलं की हवा गरम होऊन आकडा जास्तच दाखवते, मंग पोरगा कमी करून देते.

अन् दर दीड तासाले उतरून चहा. झोप नाही येत, पण डोकं बंद पडते बाप्पा.

संपादक | बुधवार, दुपारी ३.००

एसयूव्ही विरुद्ध हॅचबॅक या विषयावर वेगळा धागा आहे आणि तो अजून जिवंत आहे (दुर्दैवाने). इथले चार प्रतिसाद तिकडे हलवले. शेअर_ऑटो, कृपया.

ऊसवाला | बुधवार, रात्री ९.१५

काय मंडळी, पेट्रोलवर कोणीच बोलंना झालंय? कासव भावा, तुझी २०१८ ची म्हणजे ई-२० च्या आधीची. २० टक्के इथेनॉल झेलंल असं सामान घालायचं बंधन एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना आलं. जुन्यांचे रबरी पाइप, सील, पंप यांच्यावर नजर ठेवायची. महिना-महिना उभी ठेवायची असंल तर टाकी अर्धी नको, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय.

अॅव्हरेज थोडं पडणारच. इथेनॉलमधे लिटरमागं पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांशानं कमी. पण ऑक्टेन जास्त, त्यामुळं टर्बो इंजिन नॉकिंगच्या (आतल्या खडखडीच्या) बाबतीत उलट निवांत. दोन्ही बाजू हायत.

माझी गोची बघा. दारात ऊस, तो जातो कारखान्याला, त्याची होते मळी, मळीचं इथेनॉल, ते येतं माझ्याच टर्बोच्या टाकीत. बिल उशिरा मिळालं की शिव्या घालायच्या आणि अॅव्हरेज पडलं तरी शिव्या घालायच्या. दोन्ही वेळी ऊस आपलाच!

चलान_संग्राहक | बुधवार, रात्री ९.३०

😂 वाचनखूण साठवली.

ऊसवालेसाहेब, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून काही फरक पडतो का?

ऊसवाला | बुधवार, रात्री ९.४४

पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघ. जास्त ऑक्टेन बरं असं असंल तर उन्हाळ्यात घाट चढताना फरक जाणवतो. साध्या पेट्रोलवर इंजिन खडखडू नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, मग पिकअप मेल्यागत वाटतो. साध्या बिनटर्बो गाडीत टाकून काय उपयोग न्हाई, पंपावरच्या पोराचं तेवढं टार्गेट होतंय.

म्हापशेकार | गुरुवार, सकाळी ८.००

देव बरें करूं. आमच्या गोव्यात ट्रॅफिक कमी असं समजू नका, डिसेंबरात म्हापसा-पर्वरी करून पाहा.

माझा त्रास वेगळा. समुद्राची खारी हवा आणि पावसात चार महिने ओल. दोन दिवस गाडी उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर तांबडा गंज. घाबरायचं कारण नाही, पहिल्या चार ब्रेकात साफ होतो. पण गाडी धुवून लगेच हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवली की मागचे पॅड चिकटतात. धुतल्यावर एक चक्कर मारून यावं, मग उभी करावी. बायको म्हणते तो चक्करसाठीच धुतो.

चोर्ला घाटात कधी आलात तर सकाळी लवकर या. साडेनऊनंतर ट्रक सुरू होतात.

पालिओकाका | गुरुवार, सायंकाळी ५.३०

घाटाचा विषय माझा. वय ६४, गाडी फियाट पालिओ १.६, २००२ ची. तेव्हा पालिओची जाहिरात सचिन करायचा. त्याच वर्षी त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली आणि मला कर्जावर पालिओ. दोघंही खूश होतो.

तुमच्या आजकालच्या गाड्या इतक्या शांत असतात की चालवणाऱ्याला ब्रेक किती तापलेत ते समजतच नाही. आंबेनळी उतरताना पोलादपूरपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून आलेला एक तरुण मला भेटला होता. चाकांतून धूर, आणि पेडल स्पंजासारखं खाली जात होतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेलं तेल लवकर उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल दाबून काय होणार? तो म्हणाला, "काका, सर्व्हिसिंग वेळेवर आहे." इंजिन ऑइल वेळेवर होतं. ब्रेकचं तेल गाडी घेतल्यापासून तेच, पाच वर्षांचं. ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा. त्याला तासभर बसवून ठेवला, चाकांवर पाणी ओतू दिलं नाही (तापलेली डिस्क वाकडी होते), आणि पुढे दुसऱ्या गिअरवर उतरवला.

कासवराव, तुमचे डॉक्टर फाइल चकचकीत ठेवत होते. त्या फाइलमध्ये ब्रेक ऑइलची पावती शोधा बरं.

आणखी एक. चढ संपवून टपरी दिसली की लोक लगेच चावी फिरवतात. टर्बो लालबुंद झालेला असतो आणि त्याच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश या, नाहीतर मिनिटभर चालू ठेवा. तेवढ्यात चहाची ऑर्डर देऊन होते.

कोथरूडी_कासव | गुरुवार, रात्री १०.१०

फाइल काढली. ४२ पावत्या. परफ्यूम बदलल्याची पावती आहे. ब्रेक ऑइलची नाही.

विंचू_नाशिक | गुरुवार, रात्री १०.१२

🙏

शेअर_ऑटो | गुरुवार, रात्री १०.३०

आता खरंच प्रामाणिक प्रश्न, टिंगल नाही. आठवड्यातले सहा दिवस १२ ने जायचं, त्यासाठी क्लच, टायर, ब्रेक, पेट्रोल, चलान, कायदा इतकं सांभाळायचं आणि मजा किती, तर रविवारी दोन तास. यात तुम्हाला नक्की काय मिळतं? मी ऑटोने जातो आणि सुखात आहे.

पालिओकाका | शुक्रवार, सकाळी ६.५०

मुळशीचं धरण संपल्यावर एक उजवं वळण आहे. पुढे काही दिसत नाही. ब्रेक लावून दुसऱ्यात येतो, स्टिअरिंग वळवतो, आणि वळणाच्या मध्यावर गाडी माझ्या हातात वजन टाकते. लहान मूल झोपताना अंग सोडतं तसं. मग हळूच पाय देतो. वेग असतो फार तर ४५. तेवढ्यासाठी. ऑटोत मागे बसून ते येत नाही, पण तुमच्या ऑटोवाल्याला विचारा, त्याला माहीत असेल.

शेअर_ऑटो | शुक्रवार, सकाळी ९.०५

बरं.

कोथरूडी_कासव | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.००

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

एका ओळखीच्या छोट्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्याने क्लचची जाडी कॉम्प्युटरवर मोजली. अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे, पूर्ण सेटची गरज आज तरी नाही. क्लच कुठे पकडतो ते गिअरबॉक्सला नव्याने शिकवलं (याला तो 'अॅडाप्टेशन' म्हणत होता), मग वीस मिनिटं ठरावीक पद्धतीने चालवून आणली. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या विसाव्या हिश्शात काम झालं. ब्रेकचं तेल काढलं तेव्हा ते कोऱ्या चहासारखं होतं. काकांसाठी फोटो काढलाय.

टायर १६ चेच, पुढचे दोन. आठवड्याचे चार आकडे वाचले तेव्हा दुकानदाराने "यूट्यूब बघता वाटतं" असं म्हटलं. म्हटलं, नाशिकच्या ताईंचं ऐकतो. रिमॅप नाही.

गचके साधारण निम्मे झाले, पूर्ण गेले नाहीत. पिवळा दिवा मात्र तीन आठवड्यांत एकदाही आला नाही. जागा सोडून चालवतो. काल मुद्दाम रिक्षा मोजल्या: ११. नट_बोल्ट यांचा अंदाज फारच जास्त होता. सरासरी वेग १२ वरून १३ वर गेलाय. तो का वाढला ते समजत नाही, कारण मी कुठेच घाई केली नाही.

रॅम्प तिरका घेतो. पहिल्या दिवशी आवाज आला नाही म्हणून काका खुर्चीतून उठून बघायला आले, गाडी बंद पडली की काय म्हणून.

गाडी विकत नाही. निर्णय दोघांचा. अट अशी घातली गेलीय की एका आड एक रविवारी ताम्हिणीला स्टिअरिंग हिच्या हातात.

नट_बोल्ट | रविवार, रात्री ९.२०

छान! फक्त दर सर्व्हिसिंगला क्लचचं माप लिहून ठेवा. एक आकडा काही सांगत नाही, तीन आकडे सांगतात.

सौ_कासव | रविवार, रात्री ९.२५

पुढचा रविवार माझा आहे. पहाटे साडेपाच, चांदणी चौक. काका, येणार का पालिओ घेऊन?

पालिओकाका | रविवार, रात्री ९.४०

बॅटरी आजच चार्जिंगला लावली. स्टार्ट लागली तर साडेपाचला, नाही लागली तर तुमच्या मागच्या सीटवर. पौडला पोहे माझ्याकडून.

शेअर_ऑटो | रविवार, रात्री ९.५५

मागे अजून एकाची जागा आहे का?